सदतीस चुलींचा मास्तर

कोणाच्याही घरात शिरला की तो आधी चुलीवरच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचलायचा, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायचा आणि जाहीर करायचा, "भात व्हायले अजून वीस मिनिटं हायेत. काढा पाटी."

मग भात शिजेपर्यंत शाळा. लाकडं वाळलेली असली तर पोरं पाढ्यांवर सुटत. ओली असली तर भागाकारापर्यंत जावं लागे. त्यामुळे आमच्या टोल्यातल्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीतल्या, पोरांइतकं वाळकं सरपण जिल्ह्यात कोणीच आणत नव्हतं. एकदा भर श्रावणात एका घरची चूल काही केल्या पेटेना. भात उतरला तेव्हा त्या घरचा पोरगा तिसरीतून चौथीत गेलेला होता. यात रुपयात चार आणे मी माझ्या पदरचे घातले आहेत, पण बारा आणे खरे आहेत.

असे एकदोन मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मी मात्र त्याच्यासोबत नऊ वर्षं काढली. द्विशिक्षकी शाळा; एक तो, एक मी. मी आरमोरीला राहायचो आणि मोटारसायकलनं रोज जाऊन-येऊन करायचो. तो टोल्यातच राहायचा. शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, एक कंदील आणि एक गुंडाळी फळा. फळा काखेत मारून संध्याकाळी निघाला की लांबून वाटे, हा कोणाच्या घरी चटई विकायला चालला आहे.

टोल्यात घरं सदतीस. त्याच्या जेवणाच्या पाळ्याही सदतीस. आज या घरी, उद्या पुढच्या. फुकट जेवायचा नाही हो. आपल्या जुन्या मोटारसायकलवर बाजारातून तेल, मीठ, डाळ आणायचा आणि ज्याची पाळी त्याच्या ओसरीत ठेवायचा. ज्या घरी पोरं नव्हती तिथंही जायचा. तिथं म्हाताऱ्यांना शिकवायचा, नाहीतर त्यांच्या औषधांच्या पुड्या वाचून द्यायचा.

ही पद्धत त्यानं काही हौसेनं काढली नव्हती. मोहफुलांचे दिवस आले की अख्खा गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात. मोह संपला की तेंदूपत्ता. शाळेत कोण? तो, मी आणि एक पिवळा कुत्रा. कुत्र्याची उपस्थिती शंभर टक्के होती. त्याला पटावर घ्यावं असा माझा प्रस्ताव होता. मी खुर्चीत बसून अहवाल लिहायचो, 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता'. तो म्हणायचा, "सर, पोरं शाळेत येऊन नाई राह्यले तर शाळेनं घरी जाव. शाळेले पाय नाई. मले हायेत."

शहरातले हुशार लोक हल्ली पोरांना घरीच शिकवतात, त्याला काहीतरी भारी इंग्रजी नाव आहे, असं मी एकदा त्याला सांगितलं. तो गंभीर झाला आणि म्हणाला, "त्यांच्याकडे जेवाले काय करते?"

आता पगाराकडे येतो. मास्तर म्हटला की लोकांना आधी पगारच दिसतो, मग मास्तर. तो चंद्रपूरच्या बौद्ध घरातला. बाप कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे राबून गेलेला; अख्ख्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा हा पहिलाच. त्यामुळे पगार जमा झाल्याचा मेसेज त्याच्या आधी नातेवाइकांच्या मोबाईलवर वाजत असावा, अशी मला शंका होती. आई चंद्रपूरला, बहीण नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती पास झाली की घरात दुसरा पगार येणार होता. त्याचा पगार या दोघींकडे जायचा आणि घरभाडे भत्ता म्हणून जे मिळे, त्याच्यावर बहिणीची फी भागायची. एवढं सगळं नेमकं बसवलेलं होतं, उडदाच्या पापडासारखं. कुठं बोट लागलं की तुटणार.

टोल्यातल्या लोकांना मात्र पगार हा प्रकारच पटत नव्हता. तेंदूपत्त्याला शेकडा पुड्यांमागं, म्हणजे पानांच्या शंभर जुड्यांमागं, पैसे मिळतात, हा त्यांचा सरळ हिशोब. सोमीबाई म्हणून सत्तरीची म्हातारी होती. गावात तिचा शब्द शेवटचा. तिनं एकदा त्याला विचारलं, "गुरुजी, तुले शेकडा पोरामागं किती भेटते?"

"पोरं अठ्ठावीसच हायेत, बाई."

"मंग तुझा शेकडा कधी भरल रे बाप्पा?" तिला खरोखर दया आली. त्या दिवशी तिनं त्याला वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी दोनदा वाढली.

सोमीबाई त्याची विद्यार्थीही होती. ती एकदा आलेली पत्रिका न वाचताच भलत्याच गावच्या भलत्याच लग्नाला गेली होती, जेवून, आहेर करून परतली होती. त्या आहेराचं दुःख तिला इतकं झालं की त्याच आठवड्यात तिनं पाटी धरली. पाळी कोणाच्याही घरची असो, ही मागून पाटी घेऊन हजर. पोरं आठ दिवसांत पुढं जात. ही 'भ' वर दीड महिना बसली. पण उठली नाही.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि तालुक्याला नवे साहेब आले. त्यांनी पत्र काढलं : ज्यांना घरभाडे भत्ता पाहिजे त्यांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव द्यावा. ठराव दर वर्षी नवा. महिन्याची मुदत. नाहीतर भत्ता बंद आणि आजवर घेतलेला वसूल.

मी रोज आरमोरीला परतणारा; माझा भत्ता गेलाच समजा. तो खुशाल होता. म्हणाला, "सर, मी तर इथीच राह्यतो. तुमचं पाहा."

मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा बसली. ग्रामसभेचं वही-पेन माझ्याकडेच असे, कारण गावात अक्षर माझंच वळणदार. आणि आता नीट ऐका. माझा ठराव चहा थंड होण्याआधी पास झाला. त्याचा अडला.

कारण सांगतो. टोल्यात माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. पूजेचा तांदूळ चुलीमागं एक पायली. गावजेवणाचा वाटा चुलीमागं एक. ज्याची चूल तो गावचा, बाकी पाहुणे. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात, मोटारसायकल घ्यायच्या आधी, एकदा शेवटची एसटी चुकली, तेव्हा शाळेमागं तीन गोटे मांडून खिचडी केली होती आणि नव्या नवरीच्या उत्साहात पूजेला एक पायली तांदूळही दिला होता. गोटे तसेच होते. त्यांच्यावर सरडे ऊन खात. पण चूल ती चूल! तेवढ्यावर मी आठ वर्षांचा गावकरी ठरलो.

"या गुरुजीची चूल हाय," सोमीबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्या गुरुजीची कुठी हाय?"

आठ वर्षं गावात झोपलेला, उठलेला, तापानं फणफणलेला माणूस पाहुणा निघाला. कोणाच्या मनात पाप नव्हतं. त्यांनी त्याला जगातला सगळ्यात लाडका पाहुणा मानलं होतं, एवढंच.

उपाय सोपा होता. त्यानं चूल मांडायची, सांज-सकाळ स्वतः रांधून दाखवायचं, महिन्याच्या शेवटी ठराव. त्यानं मांडली. आता जो माणूस वाफेवरून भाताची मिनिटं सांगतो, त्याला रांधता येईल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी इतका धूर झाला की वणवा लागला समजून जंगलखात्याचा वनरक्षक सायकल टाकून धावत आला. भात असा झाला की कोंबड्यांनी एकदा चोच मारली आणि पुन्हा शाळेच्या आवारात पाय ठेवला नाही. मी दुपारचा डबा त्याला देऊ लागलो, तर तो म्हणाला, नको, ग्रामसभेला कळेल.

पण धूर ही मोठी अडचण नव्हती. तो रांधत बसला आणि पाळ्या बंद पडल्या. घरोघर झाकणं कोणी उचलेना. पोरं संध्याकाळी मोकाट. सरपणसुद्धा ओलं येऊ लागलं. पाचव्या दिवशी सोमीबाई पाटी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. मी गाडीला किक मारतच होतो, म्हणून ऐकलं.

"मी 'क्ष' वर अडकून राह्यली," ती म्हणाली, "अन तू इथी धूर करून राह्यला."

त्यानं चुलीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं, फळा काखेत घेतला आणि तिच्या मागं गेला. मी त्याला दुसऱ्या दिवशी मूर्ख म्हटलं, बहिणीच्या फीची आठवण दिली. तो म्हणाला, "ध्यानात हाय, सर. पण 'क्ष' आला की तिले सारं येते. मंग फक्त 'ज्ञ' राह्यते."

मुदतीचा शेवटचा दिवस. ग्रामसभा पुन्हा बसली. त्याचा चेहरा उतरलेला. बहिणीचा सकाळीच फोन येऊन गेला होता. मी मात्र निश्चिंत होतो. वही माझ्याकडे, पेन माझ्याकडे, आणि वाचणारं कोण? पोरं जंगलात. मोठे अंगठे उठवणारे. मी झक्क अक्षरात लिहून टाकलं, 'सदर शिक्षकांची गावात स्वतंत्र चूल असून ते मुख्यालयी राहतात.' शाईची गादी पुढं केली आणि सांगितलं की मागल्या वेळचंच लिहिलं आहे, उठवा अंगठे.

सोमीबाईनं वही ओढून मांडीवर घेतली. मला वाटलं, अंगठ्याची जागा शोधते आहे. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"स... द... र."

सगळे तिच्याकडे वळले. झाडावरची पाखरंही वळली, असं मी सगळ्यांना सांगतो.

"शि..." बोट थांबलं. पुढं 'क्ष' होता. मी देवाला म्हटलं, राहू दे रे बाबा तिला तिथंच. बोट हललं. "क्ष. कां. ची. शिक्षकांची."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. मला एका वर्षाएवढा वेळ लागल्यासारखं वाटलं. मग वही माझ्याकडे फिरवून ती शांतपणे म्हणाली, "ज्याची चूल नाई, त्याची हाय म्हणून लिहलं. हे खोटं हाय, गुरुजी. खोड."

मी हात जोडले. बाई, याच्या बहिणीचं शेवटचं वर्ष आहे, हा पैसा गेला तर पोरगी परत येईल, सगळं सगळं सांगितलं.

"बहिणीसाठी तांदूळ मांगा, देऊ," ती म्हणाली. "खोटं काऊन मांगता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा काही बोलेल, गयावया करेल. तर हा माणूस कानापासून कानापर्यंत हसत होता! डोळ्यांत पाणी, आणि हसतो आहे. माझ्या खांद्यावर दाणकन हात मारून म्हणाला, "खोडा, सर, खोडा. 'क्ष' वाचला तिनं. पाह्यलं का तुम्ही?"

मी खोडलं. खाली खरं लिहिलं : हे गुरुजी सदतीस घरी जेवतात आणि शिकवतात. तालुक्याच्या कचेरीत तो कागद दोन टेबलं फिरला आणि निकाल आला की जो सदतीस घरचा आहे त्याला भाडं कसलं? भत्ता बंद. वसुली दर महिन्याच्या पगारातून.

त्यानं मोटारसायकल विकली आणि फी भरली. गाडी गेल्यामुळे तो मुख्यालयी आणखीच पक्का झाला, पण तसं लिहून द्यायचा नमुना शासनाकडे नव्हता. टोल्यानं शब्द पाळला : चुलीमागं एक पायली तांदूळ. माझ्या चुलीचीही पायली घेतली. पोती एसटीच्या टपावरून नागपूरला गेली. वर्षभर पोरीचा मेसचा खर्च वाचला आणि ती नर्स झाली. हे मात्र शंभर टक्के खरं आहे. पायली मी स्वतः मोजून दिली.

मग ऑनलाइन बदल्या निघाल्या. आई थकली म्हणून त्यानं आंतरजिल्हा बदली मागितली होती. मागितलं चंद्रपूर, मिळालं त्याच जिल्ह्याच्या टोकाचं जिवती. म्हणजे एका पहाडातून उचलून दुसऱ्यात. गेला त्या दिवशी ट्रंक, कंदील, फळा घेऊन जीपमध्ये बसला. बायका ओसरीतून पाहत राहिल्या. ज्यांच्या घरची पाळी होती त्यांनी भात शिजवलेला होता. तो मला खावा लागला.

यंदा माझ्या ठरावाची पाळी आली. मी नेहमीप्रमाणे लिहिलं आणि सोमीबाईनं वही मांडीवर ओढली. आता ती बोट ठेवत नाही. दोन ओळी सरळ वाचून गेली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. 'सदर शिक्षक सहकुटुंब वास्तव्यास आहेत.' तिनं माझ्या मोटारसायकलकडे पाहिलं. आरमोरीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला, जणू माझी बायको कुठं झाडामागं असेल.

"गुरुजी," ती म्हणाली, "कुटुंब कुठी हाय?"

भत्ता गेला. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर चढून रेंज पकडली आणि जिवतीला फोन लावला. मी त्याला उभाआडवा घेतला. म्हटलं, गुरुजी, तुम्ही स्वतः बुडालात ते बुडालात, जाता जाता मलाही बुडवून गेलात. कोणी सांगितलं होतं म्हातारीला शिकवायला?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "'सहकुटुंब' थांबत थांबत वाचलं, का एका दमात?"

"एका दमात," मी ओरडलो.

पलीकडून फक्त गंजावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. जिवतीच्या पहाडात रेंज जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रेंज गेली नव्हती. त्याच्या मागं कोणाची तरी पोरं सातचा पाढा म्हणत होती, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.