उपकारस्तुतीची सतरंजी

अंगणवाडीत मुलांची खिचडी उतरवत होते, तेव्हा भावोजींचा फोन आला. "विमल, ताई गेली गो तुझी..." एवढंच बोलले. मी गॅस बंद केला, मुलांना वाढलं, मदतनीस बाईंना सांगितलं आणि मुरबाडहून किन्हवलीची गाडी पकडली. माझा स्वभावच तसा, हातातलं काम टाकून रडता येत नाही. रडू आलं ते ताईच्या शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज बघून. त्याला आज पाच आठवडे झाले.

करुणाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमच्या ख्रिस्ती घरांत आजारी माणूस उठून बसलं, पोर पास झालं, घरावर पत्रे चढले, की उपकारस्तुती ठेवतात. मंडळी घरी जमतात, गाणी होतात, घरातलं कुणी उभं राहून देवाने काय केलं ते सांगतं, मग चहा-पोहे. किन्हवलीत कुणाकडेही उपकारस्तुती असली की बसायला सतरंजी ताईची जायची. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, लांबलचक, एका कोपऱ्यावर स्टोव्हने जळलेली. परत आली की ताई ती स्वतः धुवायची. मी करवादायचे, "धुऊन द्यायला त्यांचे हात झिजतात का?" ती म्हणायची, "आभार मानायला बसली होती माणसं. मळली तर मळली."

तिची एकुलती एक लेक शलोमी. बारावी झालेली, आईसारखीच हसरी. नऊ वर्षांपूर्वी तिला ताप भरला आणि कल्याणला दवाखान्यात ठेवावं लागलं. बारा दिवस ताई बाकावर बसून होती. तेराव्या दिवशी ताप उतरला, पोरीने स्वतःच्या हाताने पेज खाल्ली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत घरी सोडू. मला इतका आनंद झाला की मी ताईला न विचारता किन्हवलीच्या पाळकांना फोन केला आणि पुढच्या रविवारची उपकारस्तुती चर्चमध्ये जाहीर करायला सांगितली. दोन किलो पोहेही आणून ठेवले. ताईला कळलं तेव्हा ती हसली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अगो, पोरीला घरी तर येऊ दे."

मंगळवारी शलोमी गेली.

मातीवरून परतल्यावर मी ताईला म्हटलं, "मी घरोघर जाते, रविवारचं नाय म्हणून सांगते." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "राहू दे. येऊ देत." मला वाटलं, दुःखाने हिला भ्रम झाला. पण रविवारी तिनेच सतरंजी पसरली. मीच आणलेले पोहे भिजवले. माणसं आली, कुणाला कुठे बघावं कळेना. गाणं म्हणता म्हणता विरून गेलं. मग ताई उभी राहिली. म्हणाली, "देवा, आज तुझे उपकार मला दिसत नाय. पण तू चांगला हायस, ते मला ठाव हाय. माझे डोळे निवळले की दाखव." आणि खाली बसली.

मला तिचा भयंकर राग आला. देवाचा तर आलाच, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. वाटायचं, मी आगाऊपणा करून आभार जाहीर केले म्हणूनच हे झालं. हे मी कुणाला सांगितलं नाही. चर्चला जाणं सोडलं, नाताळलासुद्धा गेले नाही. ताईने एकदाही टोकलं नाही. दर महिन्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन यायची, निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना करायची. मी मान वळवून बसायचे.

मग तिला स्वतःलाच कॅन्सर निघाला. शेवटची भेटले तेव्हा अंगाचं चिपाड झालं होतं. न राहवून मी विचारलं, "अजून चांगलाच का गो तुझा देव?"

"चांगलाच."

"मग त्या रविवारी माझा शब्द खोटा पडू नये म्हणून बसलीस का?"

तिला हसायलाही दम लागत होता. "तुझ्यासाठी कोण करतंय एवढं? मला भ्या वाटलं होतं, विमल. त्या दिवशी सतरंजीवर बसले नसते ना, तर परत कधीच बसले नसते." मग म्हणाली, "तू आभार सांगितलेस म्हणून पोर गेली नाय. असा नाय तो. नऊ वर्षं हेच घेऊन बसलीस ना?" मी तिच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडले. तिला सगळं ठाऊक होतं. निघताना तिने भावोजींकडून माळ्यावरची सतरंजी काढवली. "ने ही. तुझ्या घरात पसर." मी म्हटलं, "माझ्याकडे कोण मरायला येतंय प्रार्थनेला?" तर म्हणते, "पोहे केलेस की येतील."

परवा पाळकांचा फोन आला. ताईसाठी माझ्या घरी सभा ठेवायची आहे, म्हणाले, सूचनेत सांत्वनाची सभा असं लिहू का? मी म्हटलं, "उपकारस्तुती लिहा." उभी राहून काय बोलणार, देव जाणे. शलोमी का गेली ते मला अजूनही कळलेलं नाही.

काल पोहे आणले. सतरंजी पसरून बघितली, आमच्या खोलीला ती मोठी होते, एका बाजूने दुमडावी लागली. जळका कोपरा दाराकडे आला. सभेला अजून दोन दिवस होते, घरात कुणीही नव्हतं. मी चपला काढल्या आणि त्या कोपऱ्यापाशी बसले.