पाखरांसाठी गच्ची

सोलापुरात उन्हाची टंचाई असू शकते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण आमच्या खोलीत ती होती. भवानी पेठेत तळमजल्याला, मागच्या अंगाला आम्ही भाड्याने राहतो. एक खोली, एक ओटा आणि बोळात उघडणारी एक खिडकी. बोळाच्या पलीकडे यंत्रमाग चालतात. खिडकी उघडली की सुताची बारीक पूड आत येते आणि भांड्यांवर, भातावर, उशीवर बसते. म्हणून काच कायम बंद. सकाळी थोडा वेळ त्या काचेवर ऊन पडायचं. तिथेच पिंजरा टांगला होता.

पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी, एक हिरवा नर आणि एक पिवळी मादी. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली, तेव्हा त्या जाताना देऊन गेल्या. मला खरं तर नको होती. शाळा, घर, आईचं दुखणंखुपणं, एवढंच उरकत नव्हतं. पण आईने हात पुढे केला. वडील गेल्यावर मेंढरं विकून मी तिला गावाहून आणली होती. जन्मभर माळावर काढलेली बाई इथे उंबऱ्यावर बसून दिवस ढकलत होती. शेजारच्या बायकांचं निम्मं बोलणं तेलुगूत, ते तिला कळेना. पाखरं आली आणि ती पुन्हा बोलायला लागली. मी शाळेतून यायची तेव्हा बाहेरूनच ऐकू यायचं, "आगं, त्येला बी खाऊ दे की. सारं तुझ्याच बानं पेरलंय व्हय?"

खोली अंधारी म्हणून मी पिंजऱ्याच्या बरोबर वर पांढरी ट्यूब बसवून घेतली. उजेडाच्या बाबतीत मी हात आखडत नाही. गावी आमच्याकडे एकच दिवा होता, तोही वीज असली तर. बार्शीच्या वसतिगृहात मला पहिल्यांदा हवा तितका उजेड मिळाला. तिथल्या वाचनखोलीतल्या ट्यूबखाली बसून मी पदवीपर्यंत पोचले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. ज्यांनी तिथे मला जागा दिली त्यांचे उपकार मी आजही मानते. तेव्हा पाखरांनाही भरपूर उजेड द्यावा, एवढाच माझा विचार. पहाटे उठले की ट्यूब लावायची, वह्या तपासून झाल्या की झोपताना बंद करायची.

मादी अंडी घालायला लागली. आईला कोण आनंद! पण पिल्लं काही निघेनात. आई पिंजऱ्यातल्या घरट्याच्या टोपलीतून ती वांझ अंडी काढून टाकायची आणि मादी पुन्हा घालायची. थांबेचना. मग एक अंडं बिनकवचाचंच पडलं, नुसत्या पातळ पापुद्र्यातलं. त्यानंतर एके दिवशी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी सारखी वरखाली. आई म्हणाली, "आडलीया." मेंढ्यांची बाळंतपणं काढलेली बाई ती, तिला लगेच कळलं. पण एवढ्याशा जिवाला हात कुठे लावायचा, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मी अर्धी रजा टाकली आणि खोक्यात कापड घालून तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला शेक दिला, तेल लावलं, सुईने औषध दिलं. बऱ्याच वेळाने अंडं सुटलं. सोबत आलेली आई भिंतीला टेकून उभी होती, ती आता टेबलाजवळ आली.

"ऊन कुठे मिळतं हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"खिडकीत ठेवतो की. सकाळचं चांगलं येतं."

"काच उघडी असते?"

"बंद असते. सुताची पूड येते."

"मग ऊन नाही मिळत, मॅडम. काचेतून उजेड येतो. हाडांना आणि अंड्याच्या कवचाला जे लागतं, ते बाहेरच राहतं. आणि दिवा कधी बंद करता?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "तिला वाटतंय, दिवस संपतच नाही. दिवस मोठा झाला की पाखरू अंडी घालायला लागतं. तुम्ही तिला बारा महिने हंगाम लावलाय. संध्याकाळ झाली की पिंजरा झाका आणि सकाळी उघडं ऊन द्या, निम्म्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. अजून एक अंडं तरी ती घालणारच. आठवडाभरात येईल. तेही असंच अडकलं तर मी काही करू शकणार नाही."

बाहेर आल्यावर आईने खोकं माझ्याकडून घेऊन छातीशी धरलं. मग म्हणाली, "आन ऊन आनायचं कुटनं?"

पाखरांसाठी वेगळा दिवा मिळतो, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले होते. परतताना नव्या पेठेतल्या विजेच्या दुकानात मी चौकशी केली. दुकानदाराला तसला दिवा ठाऊकच नव्हता; त्याने निळ्या उजेडाचं, डास मारायचं यंत्र पुढे केलं. "हे न्या ताई. पाखरालाही उजेड आणि डासही जातील." मी नको म्हटलं. मागून आई म्हणाली, "डासाबरुबर पाखरू बी जाईल की वो." आणि मग स्वतःशीच, "सोलापुरात ऊन इकत घ्यायचं म्हंजी नवलच हाय."

ऊन होतं ते गच्चीवर. पण गच्चीला कुलूप आणि चावी घरमालकीणकाकूंच्या कमरेला. त्यात उन्हाळ्याचे दिवस. गच्चीभर साड्या अंथरून कुरडया, पापड, शेवया वाळत पडलेल्या. मी विचारायला गेले तर काकूंनी कानावर हात ठेवले.

"अय्यो, टीचर! पाखराची पिसं उडणार, घाण पडणार. माझ्या कुरडया लेकीच्या सासरी जायच्या आहेत. त्या काय म्हणतील, सोलापूरहून पिसांच्या कुरडया आल्या?"

"कोपऱ्यात ठेवू, काकू. सकाळचा थोडा वेळ."

"आणि कावळे? ते तर आधीच डोकं खातात. मला जिना चढवत नाही. सुना मागावर. राखण कोण करणार?"

आई माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "म्या करते की राखण."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही? उन्हात बसाल?"

"जलमभर काय केलं मग? मेंढरं राखली. कुरडया बऱ्या. त्या पळून न्हाय जात."

काकू हसल्या आणि कमरेची चावी सोडून तिच्या हातात दिली. आईने ती पदराच्या गाठीत बांधली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं हे सुरू झालं. शाळा सकाळची होती. मी अंधारातच डबा करायची, मग पिंजरा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लोखंडी जिना चढायची. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर चादर टाकायची, खाली उतरायची आणि शाळेकडे पळायची. रोज वाटायचं, आज नको. एका पाखरासाठी किती करायचं माणसाने? पण आई माझ्या आधी उठून पदर खोचून बसलेली असायची. ऊन तापायला लागलं की ती पिंजरा घेऊन एकेक पायरी बसत खाली यायची. तिचे गुडघे रात्री ठणकायचे. तेल मी चोळायची.

दिवेलागणीला पिंजऱ्यावर जाड सोलापुरी चादर पडायची आणि ट्यूब बंद व्हायची. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर जिन्याखालच्या बल्बखाली बसायची. तिथे डोळे चुरचुरायचे. काकूंच्या सुना कामावरून येताना म्हणायच्या, "टीचर, तुम्हाला घराबाहेर काढलं का पाखरानं?" मी हसायची. हसायचाही कंटाळा यायचा.

ज्या दिवशी मादी पुन्हा पिसं फुगवून बसली, त्या दिवशी शाळेत वार्षिक परीक्षा होती. मला थांबता येईना. पिंजरा गच्चीवर ठेवला. मादी उन्हाच्या बाजूला सरकली आणि एक पंख पसरून तशीच राहिली. आई म्हणाली, "तू जा. म्या हाय." वर्गात मुलं लिहीत होती आणि माझे कान जिन्याकडे लागले होते.

घरी आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मी जिना चढले. जिन्याच्या तोंडाशी, सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात आई बसली होती. घामाने चिंब. कुरडया तिने केव्हाच गोळा करून ठेवल्या होत्या. पिंजऱ्यावर ओला पदर टाकलेला. तिने मूठ उघडली. तळहातावर पांढरंशुभ्र अंडं होतं, बोराएवढं. तिने ते नखाने टिचकावून दाखवलं. "टनक हाय बग. मोकळी झाली." मादी भांड्यातलं पाणी पीत होती. मी तिथेच पायरीवर बसले.

त्यानंतर मादीने अंडी घातली नाहीत. वाळवणही संपलं. काकू डबे भरून झाल्यावर दारात आल्या. चावी परत द्यायला आईने पदराची गाठ सोडायला घेतली. तिची बोटं सावकाश चालली होती.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "उद्या मिरच्या टाकायच्या आहेत. मग गहू. मग चिंच. माझ्या गच्चीवर वर्षभर काही ना काही असतंच. पण पिसं दिसली तर बघा!"

"दिसली तर तुमच्या लेकीकडं धाडते," आई म्हणाली आणि गाठ पुन्हा आवळली.

काकू गेल्यावर मी पिंजऱ्यावर चादर टाकली, ट्यूब बंद केली. बोळातला मागाचा आवाज चालूच होता. तपासायच्या वह्या दाराशी पडल्या होत्या. मी त्या उचलल्या, पायात चप्पल सरकवली आणि जिन्याखाली जाऊन बसले.