अण्णांची दोन इंजिनं

अण्णा गेल्याचं मला, मी मोटारींना तारा गुंडाळतो त्या वाइंडिंगच्या दुकानात, शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं. "तुझा अण्णा ग्येला की रं. आता फुकटच्या शिव्या कुठनं खाशील?" तो हसला. गोंधळून मीही हसलो... मग आत जाऊन रडलो.

सातवीतच शाळा सुटली आणि मी कोकणातून नगरला येऊन पडलो. केडगावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अण्णांनी काम शिकवलं, त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, जेवू घातलं. ते उपकार कसे विसरू? पण अण्णांची जीभ! "खेळण्यातल्या इंजिनाच्या लोखंडी अंगाला आतली मोटार टेकली की सर्किट जळतं. तुझ्यासारखी चिकटू नको म्हणावं तिला," असं चारचौघांत म्हणायचे.

खेळण्यातली दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवायची, हा त्यांचा ध्यास. एरवी रुळात वीज सोडली की दोन्ही पळतात. अण्णांनी प्रत्येकाच्या पोटात ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवलं. ज्याचं बटण फिरवावं, त्यानंच ऐकायचं. गणपतीच्या देखाव्यात ती ठेवायची होती. उघडी असताना झकास चालली. मग अण्णांनी घाईघाईनं वरची पत्र्याची कवचं स्क्रूनं आवळली. वहिनींनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला, पाणी शिंपडलं. बटण फिरवताच एकातून धूर!

"अण्णा, कोळशाचं केलं व्हय?" मंडळाची पोरं खिदळली.

अण्णांनी वहिनींकडे बोट दाखवलं. "हिचं पाणी शिरलं आत."

त्यानंतर ते वहिनींशी बोललेच नाहीत. त्या ताट वाढताना "चुकलं वो माजं" म्हणत. अण्णा खाली बघून जेवत. दवाखान्यात, जायच्या आदल्या रात्री, वहिनी उशाशी असतानाही मलाच म्हणाले, "तिला सांग, पाणी दे."

तेराव्यानंतर वहिनींनी ते इंजिन माझ्यापुढे ठेवलं. "बघ रं, किती नासवलंय मी."

उघडलं. ओलीचा मागमूस नव्हता. मोटारीवर, कवचाचा स्क्रू उतरतो नेमका तिथेच, जळका डाग. स्क्रू कानशीनं घासून आखूड केलेला, ट्रान्झिस्टर नवा... अण्णांनी दुरुस्त करून ठेवलं होतं. कधी, कुणास ठाऊक.

"वहिनी, पाणी आत गेलंच नव्हतं. स्क्रू लांब होता, मोटारीला टेकला."

"त्यास्नी म्हाईत हुतं?"

"...हो."

वहिनींनी इंजिन माझ्याकडे सरकवलं. "मंडळाच्या अंकात त्यांच्यावर लिवनार हायेस न्हवं? ह्ये बी लिव."

मग म्हणाल्या, "चालव." इंजिन रुळावरून सुरेख निघालं.

"थांबव."

मी बटण मागे घेतलं. ते जागच्या जागी थांबलं.

"येवढं लगीच ऐकतं व्हय?" वहिनी म्हणाल्या.