उकव्यातलं आमेन

आपणच म्हटलेल्या बेराखेला आपणच आमेन म्हणायचं नाही, अशी आमची बेने इस्रायल लोकांची रीत. पाणी पिण्याआधी, फळ खाण्याआधी देवाचे आभार मानायचे, ती बेराखा. एकानं ती म्हणायची आणि ऐकणाऱ्यानं आमेन म्हणून तिला दुजोरा द्यायचा. अलिबागेकडे माहेरी घर भरलेलं, त्यामुळे आमेनला तोटा नव्हता. पण लग्न होऊन मी उकव्याला आले. यजमान तिथल्या मँगनीजच्या खाणीत फिटर, आणि साऱ्या वस्तीत यहुदी म्हणजे आम्ही दोघंच. मी बेराखा म्हणे, ते आमेन म्हणत, तेही असं खणखणीत की शेजारच्या क्वार्टरमधल्या कोंबड्या दचकाव्यात. मी त्यांना त्यावरून फार चिडवायची.

त्या पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. डॉक्टर औषध देऊन गेले, म्हणाले, आता वाट पाहायची. ताप काही उतरेना. हळूहळू त्यांचं बोलणं बंद झालं, हाक मारली तरी नजर ओळख देईना. मी पाण्याची बेराखा म्हणे, रीतीप्रमाणे आधी स्वतः घोट घेई, मग चमच्यानं त्यांच्या ओठांत पाणी सोडी आणि थांबे. आमेन काही येत नसे. खरं सांगते, मला देवाचा राग येऊ लागला होता. माणूस हातचा जातोय आणि मी आभार कसले मानतेय, असं वाटे. तरी जिभेची सवय सुटत नव्हती.

शेजारच्या सुगंधाबाई रोज पेज घेऊन येत. त्यांचं कुटुंब नागपूरकडचं, नव्यानं बौद्ध झालेलं. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, पाण्यापाशी काय बोलता तुम्ही? अन् मंग कोनाची वाट पाहता?"

मी सगळं सांगितलं. सांगतासांगता रडलेही.

"आमी वंदना झाल्यावर साधू, साधू, साधू म्हनतो," त्या म्हणाल्या. "मले थेच येते. थे चालन का तुमच्या देवाले?"

माझ्या वडिलांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. मी म्हटलं, "चालेल."

मग त्या असल्या की माझ्या बेराखेला तीनदा साधू मिळू लागलं. मला धीर आला. यजमान मात्र तसेच पडून होते.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावला, बेराखा म्हटली. सुगंधाबाईंनी साधू म्हटलं. मी सवयीनं खाटेकडे पाहिलं. काही नाही. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मनात म्हटलं, देवा, मी थकले, आता तुझं तू बघ. आणि खाली बसले.

सुगंधाबाईंनी यजमानांच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "भाऊ, उठसान तुमी. पोटभर भात खासान. अन् ताईसंगं भांडत भांडत म्हातारे होसान."

खाटेवरून घोगरा आवाज आला, "आमेन."

मी धावले. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच पाहत होते. मी हसत होते, रडत होते, आणि थोडी रागावलेही होते. इतके दिवस मी घसा कोरडा केला, आणि यांनी आमेन म्हटलं ते सुगंधाबाईंच्या बोलण्याला!

"काय म्हनले भाऊ?" सुगंधाबाईंनी घाबरून विचारलं.

"तुमची बेराखा पोचली, सुगंधाबाई," मी म्हटलं.

ताप उतरायला पुढेही वेळ लागला, पण माणूस परतला होता. एलियाहू हन्नाबी हा आमचा नवसाला पावणारा पैगंबर; त्याच्या नावानं मी आजारपणात बोललेला मलिदा आम्ही क्वार्टरच्या अंगणात केला. गूळखोबऱ्याचे पोहे नि फळं सुगंधाबाईंच्या घरच्यांनीही पोटभर खाल्ली.

तो औषधाचा गुण होता की आणखी कशाचा, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. माझ्यापुरतं एवढंच कळलं, की आभार मानणं माझ्याकडे आहे, उत्तर माझ्याकडे नाही. अजूनही मी बेराखा म्हणते. पण मग खाटेकडे पाहत थांबत नाही, पाणी पिऊन कामाला लागते.