हुरमाळची मुक्कामी गाडी

मंडळी, आधीच सांगून टाकते... या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. वाचून झालं की नवऱ्याला म्हणायचे, "यांना रात्रीचं जेवण जड होतं, दुसरं काही नाही." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे तपासता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. आजही तसाच आहे. फक्त या एका गोष्टीपुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आई, नाना म्हणजे माझे वडील, मी आणि माझा धाकटा भाऊ सुनील. नाना मूळचे चांदवडकडचे, लाल गाडीवर कंडक्टर. त्यांना बहुतेक मुक्कामी गाडीची ड्युटी असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी परत येणारी. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्याच्याही आत डोंगरात कुठे कुठे नाना जायचे. आम्ही यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं. आमच्या लेखी नाना संध्याकाळी घरातून निघून एका नावात शिरायचे आणि सकाळी त्या नावातून बाहेर यायचे.

त्यातूनच आमचा देश सुरू झाला. साल १९९३ किंवा ९४. मी सातवीत असेन, सुन्या पाचवीत. देशाचं नाव हुरमाळ. हे कुठून आलं म्हणून विचाराल तर मला माहीत नाही, सुन्यालाही नाही. गच्चीवर खडूने त्याचा नकाशा काढायचा, पाऊस पडला की तो वाहून जायचा, उघडीप झाली की आम्ही पुन्हा काढायचो. कागदावर तो कधीच उतरला नाही. गरजच नव्हती, सगळं तोंडपाठ होतं.

हुरमाळमध्ये प्रांत होते. धुकवड, जिथे दुपार झाल्याशिवाय सकाळ व्हायची नाही. पाचपाखर, जिथल्या घरांना दारं नव्हती. केवडसर, तिथली पोरं होडीतून शाळेत जायची आणि उशीर झाला की नदीवर ढकलायची. त्यानंतर रेवडोह, रुंद संथ पाण्याचा. आणि नाव ठेवायचा आमचा एक कडक नियम होता. नुसतं सुचून चालायचं नाही. रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून, स्टँडवरच्या बाईसारखं नाकात बोलून ते पुकारायचं – "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, पाचपाखरमार्गे केवडसरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." असं पुकारलं की गाव झालं. त्याआधी ती नुसती जागा.

रेवडोहाच्या पलीकडे एक शेवटचा प्रांत होता. त्याच्या नावावरून माझं आणि सुन्याचं कधी जमलंच नाही. मी ठेवलं की तो नाक मुरडणार, त्याने ठेवलं की मी. नकाशात तिथे आम्ही फक्त रेघ ओढायचो आणि आत काही लिहायचो नाही. मग माझी दहावी आली, मोठेपणा आला, गच्चीवर आई पापड वाळत घालू लागली. हुरमाळ तसाच राहिला, एक प्रांत बिननावाचा.

आता २००१. मी नोकरीला लागले होते, सुन्या कॉलेजात. थंडीचे दिवस होते. नाना ड्युटीवरून आले, डोकं दुखतंय म्हणून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव. आम्ही त्यांना शरणपूर रोडकडच्या एका हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, पण शुद्ध येईना. दिवसामागून दिवस चालले. आई आयसीयूच्या दाराशी भिंतीला टेकून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आता आमच्या हातात फार काही नाही. नातेवाइकांना कळवून ठेवा."

लॅबमध्ये असल्यामुळे मला त्या वाक्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. मी खाली आले. हॉस्पिटलच्या आवारात एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर सुन्या शेंगदाण्याचा रिकामा पुडा हातात धरून बसला होता. मी त्याला सांगितलं. तो रडला नाही. बराच वेळ वर झाडाकडे बघत राहिला. ऊन पानांतून खाली येत होतं आणि रस्त्यावरचा आवाज का कोण जाणे, फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

मग तो एकदम म्हणाला, "ताई, त्या शेवटच्या प्रांताचं नाव राहिलंच ना गं."

मी म्हटलं, "सुन्या, ही वेळ आहे का?"

"दुसरं काय करू सांग ना. इथे बसून मला वेड लागेल."

खरं तर माझंही तेच झालं होतं. मी म्हटलं, "ठेव बाबा. या वेळी मी नाक मुरडणार नाही."

तो परत वर बघून म्हणाला, "निंबसावळी."

मला आवडलं. इतकं आवडलं की रडूच फुटलं. सुन्याने तो कागदाचा पुडा उलगडून पुन्हा नरसाळ्यासारखा गुंडाळला, तोंडाला लावला आणि नाकातल्या आवाजात हळूच पुकारलं – "रेवडोहमार्गे निंबसावळीला जाणारी गाडी..." बाजूने औषधं घेऊन जाणाऱ्या एका काकांनी वळून पाहिलं. आम्हाला वेडं समजले असतील. समजू देत.

आम्ही वर गेलो तर आई उभी होती. कितीतरी दिवसांनी उभी. म्हणाली, "आत ये, बघ." नानांच्या उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती, मिटत होती. सिस्टर घाबरली होती, तिला वाटलं झटका येतोय. आई तिला म्हणाली, "झटका नाही हो बाई. तिकिटं पंच करताहेत ते."

त्या संध्याकाळी नानांनी डोळे उघडले.

चमत्कार वगैरे मी म्हणणार नाही. असे पेशंट शुद्धीवर येतात, कमी येतात पण येतात. माझी गोष्ट याच्या पुढची आहे. जनरल वॉर्डात आणल्यावर एका दुपारी मी त्यांना मोसंबीचा रस पाजत होते. सुन्या पायाशी बसला होता. नाना आपणहूनच सांगायला लागले.

"मुक्कामी ड्युटी लागली व्हती. धुकवड, पाचपाखर, सगळं पार केलं. लय झ्याक मुलूख हाय. रेवडोहाच्या पुढं गाडी थांबली. गाडीत मानसं बसलेली, आन पुढल्या गावाच्या पाटीवर नावच नाय! ड्रायव्हर म्हनतो, नाना, तिकिटं द्या, निघू. मी म्हनलं, बिननावाच्या टप्प्याचं तिकीट कसं देऊ? नियमात बसत नाय. किती येळ उभी व्हती गाडी, काय सांगू. ऊनबी नाय, अंधारबी नाय, भाताच्या खाचरावानी वास सुटल्याला..."

मी सुन्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"मंग भोंग्यावर नाव आलं," नाना म्हणाले. "निंबसावळी. तिकिटं दिली, मानसं तिथं उतरली. मी रिकामी गाडी घेऊन मागं फिरलो." आणि सुन्याकडे बघून हसले. "आवाज तुझाच व्हता रं. सर्दी झाली व्हती का?"

हसावं की ओरडावं कळेना. जुनी नावं त्यांनी ऐकली असतील, हे मी मान्य करते. मुक्काम करून आले की ते दिवसा झोपायचे, गच्चीवरचा आमचा दंगा खाली ऐकू जात असेल. पण निंबसावळी? ते नाव जन्माला आलं तेव्हा नाना वरच्या मजल्यावर बेशुद्ध होते आणि आम्ही ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

रस संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "रस्ता तिथून पुढं जातो. चांगला हाय. पन पुढल्या गावाला नाव ठेवू नका एवढ्यात." आम्ही दोघांनी मान हलवली. त्यानंतर घरात हुरमाळचा विषय निघाला नाही. नाना पुन्हा ड्युटीवर गेले, रिटायर झाले, माझ्या मुलीला खांद्यावर बसवून गोदाघाटावर फिरवलं. ती वर्षं आम्हाला वरकड मिळाली होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

२००८ मध्ये त्यांना कॅन्सर निघाला, उशिरा निघाला. दिवाळीनंतर तर त्यांचं दुखणं बघवेना. औषधाने तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा कण्हणं. एका सकाळी आई देवपूजा करत होती, सुन्या पुण्याहून आलेला होता. नानांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता पुढलं नाव ठेवा."

सुन्या ताडकन उठला. "मी नाही ठेवणार. नाना, तुम्ही काहीही बोलू नका."

"आरं, गाडी लय येळची उभी हाय."

"राहू दे उभी!"

"असं नसतं बाळा," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की मी वाकले. "मानसं बसल्यात आत. माझ्यापायी त्यांचा खोळंबा व्हतोय."

पूर्ण नोकरीत नानांनी गाडी कधी उशिरा सोडली नव्हती. सुन्या बाहेर निघून गेला, जिन्यात त्याचे हुंदके ऐकू येत होते. नाना माझ्याकडे बघत होते. "वैशे, तू ठेव." मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. आणि अशा दुखण्यात त्यांना धरून ठेवायचंही नव्हतं. माझ्यासारखी हिशेबी बाई अशा वेळी काय करते, ते मला त्या दिवशी समजलं. मी दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांच्या कानाशी नेली आणि नाव पुकारलं. कसं सुचलं, माहीत नाही.

नानांनी ते ऐकलं, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग विचारलं, "मोठं गाव हाय का?"

"मोठं नाही, पण चांगलं आहे."

"च्या मिळंल का उतरल्यावर?"

"मिळेल की नाना. स्टँडच्या समोरच आहे टपरी."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि कूस बदलली. कितीतरी दिवसांत त्यांना अशी कण्हल्याशिवाय झोप लागलेली मी पाहिली नव्हती. दुपारी ते गेले.

आता तुम्ही म्हणाल योगायोग. माझा नवराही तेच म्हणतो आणि मी त्याच्याशी भांडत नाही. कारण माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही, एवढ्या वर्षांनंतरही नाही. ते नाव इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. सुन्यानेही ते ऐकलेलं नाही. तो दर दिवाळीला येतो, नानांच्या फोटोला हार घालतो, माझ्याकडे बघतो... आणि न विचारता जेवायला बसतो. मी त्याला वाढत राहते, आणि त्याने अजून विचारलेलं नाही म्हणून मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकते.