नाना ओंकारच्या टीममध्ये

मी अमेरिकेला निघाले तेव्हा हैदराबादला बेगमपेटच्या विमानतळावर नाना मला पोचवायला आले होते की विमानाला, हे मला अजून सांगता येत नाही. आई डोळे पुसत होती, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा ओंकार सामानाच्या ट्रॉलीवर बसून गोल गोल फिरत होता, आणि नाना मान वर करून विमानांच्या वेळांचा फळा वाचत होते. "वीस मिनिटं लेट आहे, पण सुटेल," ते म्हणाले. मी वाकून नमस्कार केला तेव्हा पाठीवर हात ठेवला आणि "पोचल्यावर कळव" एवढंच बोलले. मग परत फळ्याकडे बघायला लागले.

माणूस वाईट नव्हता, बोलून दमलेला होता. नाना रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. कानाला फोन, समोर लांबलचक आलेखाचा कागद, हातात पेन्सिल. कोणती गाडी कुठं आहे, कुणाला थांबवायचं, कुणाला पुढं काढायचं, हे स्टेशनमास्तरांना आठ-आठ तास सांगत राहायचं. तारनाक्याला घरी येईपर्यंत त्यांच्याजवळ शब्द उरलेले नसायचे. आमच्या बापाचा आवाज मालगाड्यांनी नेला, असं मी आईला म्हणायची आणि आई मला गप्प करायची.

पण सांगायचं आहे ते ओंकारबद्दल. मी माझ्या सख्ख्या भावावर जळते. स्पष्टच सांगितलेलं बरं.

हैदराबादेत गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले तेव्हा मी कोठीला कॉलेजात होते. हिमायतनगरच्या एका तळघरात दहा कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडलेले होते आणि पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा गेम चालायचा. डोळ्यांसमोर फक्त आपल्या बंदुकीची नळी, आणि कोपरा वळला की कोण भेटेल ते देवाला ठाऊक. दहा जणांत मी एकटी मुलगी. पहिले दोन आठवडे पोरं हसली. नंतर "अक्का हमारे तरफ! नक्को, हमारे तरफ!" म्हणून भांडायला लागली. मला इतकी मागणी पुढं लग्नाच्या बाजारातसुद्धा आली नाही.

कुणीतरी चुगली केली. एक दिवस नाना तळघराच्या पायऱ्या उतरून आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी लागोपाठ तिघांना लोळवलं, ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "चल." स्कूटरवर मागं बसवून आणलं. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले. "मी दिवसभर डोळे फोडतो ते पुरे नाही का, की आता तू पण फोडणार?" त्यानंतर मी तिथं कधी गेले नाही.

पुढं नोकरी, व्हिसा, सिएटल. इथं मी फ्रीवेवर गाडी मर्ज करायला शिकले, फ्रोजन पराठे खायला शिकले, ऑफिसात स्मॉल टॉक करायला शिकले. घरी फोन लावला की नाना उचलायचे. "बरी आहेस ना? घे, आईशी बोल." आठवड्याला मोजून सहा शब्द, आणि तेही वर्षानुवर्षं तेच. जे तिकडे राहिलात त्यांना हे किरकोळ वाटेल. जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना सांगायला नको.

दरम्यान घरी नाना रिटायर झाले आणि ब्रॉडबँड आलं. ओंकार आता कॉलेजात होता आणि तोच गेम घरबसल्या खेळत होता. "ताई, रविवारी तू पण ये ना. आमची सकाळ, तुझी शनिवारची संध्याकाळ," तो म्हणाला. मी हेडसेट आणला. त्यांचे पाच ठरलेले होते, म्हणून मला समोरच्या पाचांत टाकलं. गप्पा मारायला त्यानं माझ्याशी वेगळा इंटरनेट कॉल लावला होता, तो गेम सुरू झाल्यावर बंद करायचा राहूनच गेला.

आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग एक आवाज. "ओंकार, पुलावरून दोघं येताहेत. तू थांब. आधी त्यांना निघू दे."

मला वाटलं, नाना फोनवर कुणाशी गाड्यांबद्दल बोलताहेत. पण ते, आईनं नंतर सांगितलं, ओंकारच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. गेमचा नकाशा त्यांनी पेन्सिलीनं कागदावर काढला होता आणि कोण कुठं दिसलं त्याच्या खुणा करत होते. ओंकारचे मित्र स्पीकरवरून विचारायचे, "अंकल, अब किधर?" आणि माझा अबोल बाप सांगायचा, "हलू जाओ बेटा. बायें नक्को, उधर एक बैठा है." आई वरून म्हणाली, "जेवायला हाका मारून घसा बसतो माझा, दोघांतला एकही उठत नाही."

असं दोन तास! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेम तोच, बापही तोच. मला खुर्चीवरून उठवलं आणि ह्याच्यासाठी स्वतः खुर्ची टाकली. शेंडेफळांचं नशीबच वेगळं असतं, हे आई लहानपणापासून सांगत आली होती, पण ते कानानं ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग मी सूड घेतला. ओंकारनं कुठं जायचं ते नाना सांगायचे आणि मी तिथं आधीच हजर. एका सकाळीत तो चारदा मेला. "हिला कळतं कसं?" तो चरफडत होता, तेव्हा मला भीती वाटली. कॉल चालू आहे हे त्याच्या ध्यानात आलं तर तो बंद करील, आणि मग मला परत सहा शब्दच. तेव्हापासून मी मुद्दाम हरायला लागले. मरून पडायची आणि नानांचं बोलणं ऐकत बसायची. ऐकताना बरंही वाटायचं आणि जळफळाटही व्हायचा.

दर रविवारी ओंकार आधी गप्पांसाठी कॉल लावायचा आणि बंद करायचं विसरायचा. असे कितीतरी रविवार गेले, आणि एकदा ओंकार ओरडलाच. "नाना! ताईचा कॉल चालू आहे! तिला सगळं ऐकू जातंय!"

मी हेडसेट कानावर दाबून धरला.

"माहीत आहे मला," नाना म्हणाले. "पहिल्या रविवारपासून चालू आहे."

"मग सांगायचं नाही का? बंद करतो."

"राहू दे. कंट्रोलची लाइन एकच असते. एका स्टेशनाशी बोललं तरी सगळी स्टेशनं ऐकत असतात. ऐकू दे तिला."

मला थोडा वेळ समोरचा स्क्रीन नीट दिसला नाही. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी अजूनही तारनाका म्हणते. पण मनात येते ती ही उघडी लाइन. कुणीतरी दुसऱ्याशी बोलतंय आणि ते माझ्याही कानावर पडावं म्हणून जरा मोठ्यानं बोलतंय. मत्सर काही गेला नाही. खुर्ची ओंकारच्याच शेजारी होती ना.

त्याच दिवशी शेवटच्या डावात मी जिना चढून वरच्या पायरीवर दबा धरून बसले. ओंकार मित्रांशी वाद घालत होता, त्याचं स्क्रीनकडे लक्ष नव्हतं. "ताई जिन्यावर," नाना पुटपुटले आणि कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज मला आला. जरा वेळानं ओंकारनं विचारलं, "नाना, जिना मोकळा आहे का?"

नानांची पेन्सिल कागदावर दोनदा टकटकली. "मोकळा आहे. जा."

ओंकार बिनधास्त वर आला आणि मी त्याला उडवला. नाना त्या दिवशी चुकले, असं तो अजून सगळ्यांना सांगतो. छत्तीस वर्षांत गाडीवर गाडी न आणलेला माणूस त्या जिन्यावर चुकला म्हणे. मी त्याला काही सांगितलेलं नाही.