वरचा सूर

शाहीर परभणीत आले की माझ्या रेडिओच्या दुकानात चपला बाहेर काढून येत, लाउडस्पीकरलाही हात जोडत. यंदा त्यांनी आपली गाजलेली गाणी नव्यानं गाऊन रेकॉर्ड काढली आणि ती स्वतः आणून लावायला सांगितली. पहिल्याच गाण्यात वरचा सूर आला नाही. तिथं नुसती ढोलकी वाजली. तरुणपणी तो सूर त्यांच्या मागं बसून मी लावायचो, आणि लोक त्यांना डोक्यावर घ्यायचे.

"सूर कुठं गेला, शाहीर?" मी खवचटपणे विचारलं.

"तो आमचा नव्हताच, शेट. तुमचा हाय. म्हनून जागा रिकामी ठिवली, बघा."

गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मी रेकॉर्डचं कव्हर उलटून वाचलं. त्यावर माझं नाव नव्हतं.